वीस हात दोर

माझ्या बाल्कनीत तुळशीच्या कुंडीशेजारी एक रुब्बुगुंडु असतो. रुब्बुगुंडु म्हणजे इथल्या जुन्या घरांत डोशाचं पीठ ज्यानं वाटायचे, तो उभा, काळा, गुळगुळीत दगड. त्याच्या मानेला निळा नायलॉनचा दोर बांधलेला आहे. घरी येणारा प्रत्येक पाहुणा विचारतो, तू अजून दगडावर पीठ वाटतेस का? मी हो म्हणून टाकते, कारण खरं सांगायला बसलं तर चहा निवतो. बाहेरच्या दारामागे बोटीचा, चार आकड्यांचा एक लाल लोखंडी नांगर टांगलेला आहे आणि त्याला मी छत्र्या अडकवते. त्याबद्दल मात्र कुणी काही विचारत नाही. तो ऑनलाइन मागवलेला आहे, आणि ऑनलाइन मागवलेली वस्तू कितीही विचित्र असली तरी हल्ली कुणाला खटकत नाही. एकाच्या जागी दुसरा कसा आला ते आज लिहून टाकते.

मी मूळची भंडाऱ्याकडची. गावाला मोठा तलाव आणि आमचं घर मासोळीवर चालणारं. बाबांचा डोंगा होता, एका खोडातून कोरलेला, लांबट, दोन माणसांपुरता. आई आणि काकू कमरेइतक्या पाण्यात उभ्या राहून हातजाळ्यानं झिंगे धरायच्या, घरी जाळी विणायच्या, फाटलेली शिवायच्या, बाजारात टोपली घेऊन बसायच्या. डोंग्यात मात्र बाईनं पाय ठेवायचा नाही, असा आमच्या घरचा कायदा. बाई डोंग्यात बसली की मासोळी खोल जाते, असं बाबा म्हणत. नऊ वर्षांची असताना मी विचारलं होतं, मासोळीला कसं कळतं? उत्तर गालावर मिळालं. त्याच वर्षी माझा सहा वर्षांचा भाऊ डोंग्यात बसला. त्याला वल्हं उचलता येत नव्हतं. मी तलावाच्या पाळीवर उभी राहून बघत होते आणि मला जो राग आला, तो अजून मला पुरतो आहे.

पुढे शिकले, नागपूरला इंजिनियर झाले आणि बेंगळुरूला आले, त्याला अठरा वर्षं झाली. आधी एचएसआर लेआउटमध्ये भाड्यानं राहायचे, मग येलहंक्याला स्वतःचं घर घेतलं. मी सॉफ्टवेअर तपासते, म्हणजे दुसऱ्यांच्या चुका शोधायचा मला पगार मिळतो. त्यामुळे स्वभाव गोड राहिलेला नाही. आई म्हणायची, सुंभ जळेल पण हिचा पीळ जायचा नाही. ती हे तक्रार म्हणून म्हणायची. मी ते कौतुक म्हणून घेतलं.

आमचा टीम लीड पुण्याचा. दर रविवारी तो एका मित्राला घेऊन येलहंक्याच्या पलीकडे, देवनहळ्ळीच्या बाजूला एका तलावावर गळ टाकायला जायचा. तलाव गावातल्या मच्छीमारांच्या सोसायटीकडे होता; त्यांची चिठ्ठी घेतली की गळानं मासे धरायला मुभा. त्याच्याकडे हवा भरायची रबरी बोट होती. एकदा ऑफिसात जेवताना मी म्हटलं, मीही येते. तो आनंदानं हो म्हणाला. तलावावर पोचल्यावर बोटीत ते दोघं बसले आणि टीम लीड मला म्हणाला की तिघांचं वजन बोटीला झेपणार नाही, तू इथे सावलीत बस, मस्त वारा आहे. पुढच्या रविवारीही तेच. भंडाऱ्याहून निघून बेंगळुरूपर्यंत यायचं, इतकी वर्षं इथे काढायची आणि शेवटी पुन्हा पाळीवरच बसायचं? बुधवारी मी माझी स्वतःची बोट मागवली. एका माणसाची, राखाडी रंगाची. टीम लीडच्या सल्ल्यानं सोबत नांगरही मागवला. छत्रीसारखा मिटणारा, चार आकडे असलेला, तीन किलोचा. तो म्हणाला, हा एकदा रुतला की हत्तीनं ओढला तरी निघत नाही.

तिसऱ्या रविवारी दोन बोटी पाण्यात उतरल्या. आयुष्यात पहिल्यांदा मी बोटीत बसले होते, तेही सेहेचाळिसाव्या वर्षी, आणि मला हसू आवरत नव्हतं. तलावाच्या एका गवताळ कोपऱ्यात पाण्यावर बऱ्याच रिकाम्या सोड्याच्या बाटल्या तरंगत होत्या. टीम लीड हळहळला की लोकांना अक्कल नाही, कुठेही कचरा टाकतात. त्यानं दोन बाटल्या उचलून आपल्या कचऱ्याच्या पिशवीत घातल्या. मीही एक उचलली. तिला सुतळी बांधलेली होती. मी ती चाकूनं कापली.

हे वाक्य लिहिताना मला अजून लाज वाटते. आमच्या गावी जाळ्याला वाळवलेले भोपळे बांधत, बाटल्या नव्हे, ही माझी सबब. पण पाण्यावर तरंगणाऱ्या वस्तूला दोरी असेल तर खाली काहीतरी बांधलेलं असतं, हे मला नऊ वर्षांची असताना ठाऊक होतं. ते मी विसरले होते. मग त्याच जागी मी नांगर सोडला. तो असा रुतला की बोट जागची हलेना. मी खूश. आसपास कचरा साफ, बोट स्थिर, गळ पाण्यात. तासाभरानं निघायला म्हणून नांगर ओढला तर तो येईना. मला राग आला, आणि राग आला की मी जोर लावते. जोर लावला. नांगर वर आला तो अख्खं जाळं घेऊनच, चारही आकड्यांत गुरफटलेलं. सोडवायला गेले तशी एकेक फास तुटत गेला आणि जाळ्याला माझ्या दोन हातांएवढं भगदाड पडलं. त्यातून मासे माझ्यासमोर निघून गेले.

टीम लीड त्याच्या बोटीतून ओरडून सांगत होता की दोर काप आणि चल. उंटावरून शेळ्या हाकणं त्याला छान जमतं, पगारच त्याचा मिळतो. तेवढ्यात पलीकडून एक तेप्पा येताना दिसला. तेप्पा म्हणजे टोपलीसारखी गोल नाव. तो दिसताच दोघांनी काढता पाय घेतला आणि बोटीतली हवा सोडून गाडीत बसून मला फोन केला, की तमाशा नको, लवकर ये. मी प्रामाणिक म्हणून थांबले असं लिहायला आवडलं असतं. खरं म्हणजे नांगर जाळ्यात आणि मी नांगराला, मला हलताच येत नव्हतं. चाकू होता जवळ. पण एका सकाळी दोनदा चाकू चालवायची मला हिंमत झाली नाही.

तेप्पा जवळ आला. त्यात एक साठीची बाई एकटी बसली होती, पदर खोचून, एकाच वल्ह्यानं ती गोल नाव सरळ रेषेत आणत होती. गोल नावेला नाक नसतं, शेपूट नसतं, ती कुठेही फिरते. तिला सरळ आणणं सोपं नाही. मी जाळं विसरून तिच्याकडेच बघत बसले. बाई नावेत बसली होती आणि नाव तिचं ऐकत होती. नंतर कळलं की सोसायटीचं सकाळचं सगळं काम त्याच बघतात आणि तलावावर सगळे त्यांना अक्का म्हणतात. त्यांनी आवाज चढवला नाही. जाळं उचलून बघितलं, माझ्या बोटीतली सोड्याची बाटली बघितली, मग त्या लाल नांगराला बोटानं टिचकी मारून दोनच शब्द बोलल्या, "कब्बिणा बेडा." लोखंड नको. मी भाजीवाल्याकडून शिकलेल्या तुटक्या कन्नडात माफी मागितली. त्यांनी ऐकून घेतली आणि सांगितलं की गळ टाकायला ये हवं तर, पण बांधावर बसून. बोट पुन्हा आणायची नाही.

त्या रागावल्या असत्या तर मी सहन केलं असतं. पण बांधावर बस, हे मी सहन करू शकले नाही. बाबांनी सांगितलं, टीम लीडनं सांगितलं, आता जिला मी दहा मिनिटांपूर्वी डोळे भरून बघितलं होतं तिनंही तेच सांगितलं. आणि या वेळी चूक माझी होती. मी म्हटलं, जाळं मला द्या, मी शिवून आणते. अक्का हसल्या. आयटीतली मॅडम जाळं शिवणार, हे त्यांनी लगेच बांधावरच्या सगळ्यांना सांगितलं असणार, कारण मी ओलं जाळं गाडीत भरत होते तेव्हा सगळे बघायला उभे होते. जाळं मात्र त्यांनी दिलं. फाटलेलंच होतं, आणखी काय बिघडणार होतं?

जाळं शिवायची सुई कुठून आणायची? आई बांबूची चपटी सुई वापरायची, एका टोकाला जीभ, दुसऱ्या टोकाला खाच. मी प्लास्टिकची फूटपट्टी तापवलेल्या चाकूनं कापून तशी सुई केली. घरभर जळका वास सुटला. जाळं बाल्कनीच्या कठड्याला बांधलं आणि रोज ऑफिसच्या मीटिंगा कानात चालू ठेवून शिवत बसले. पहिल्या दिवशी गाठ आठवेना. दुसऱ्या दिवशी मी आठवायचं सोडून दिलं तशी बोटांनीच ती मारली. आई जाऊन सात वर्षं झाली आहेत. मला त्या दिवशी तिची फार आठवण आली आणि मी कॅमेरा बंद करून थोडी रडले. कुणीतरी विचारलं, नेटवर्क गेलं का? मी हो म्हटलं.

शनिवारी बाबांना फोन केला. ते ऐंशीचे आहेत, भावाकडे गावीच असतात, डोंग्यात बसणं सोडलंय पण डोंग्याबद्दल बोलणं सोडलेलं नाही. मी सगळं सांगितलं. ते म्हणाले, "जाळं शिवून दे, ते तुले येते. पण डोंग्यात कायले बसतेस? डोंगा बाईचं आयकत नाही." मी म्हटलं, इथे एक बाई आहे, तिचं ऐकतो. ते म्हणाले, तिचा तेप्पा गोल असंल, गोल वस्तू कुणाचंही ऐकते. या माणसाला ऐंशीव्या वर्षीही हजरजबाबीपणात कुणी हरवू शकत नाही. मी फोन ठेवला तेव्हा माझे कान तापले होते आणि माझं ठरलं होतं. या तलावावर मी बोटीतच बसणार.

रविवारी जाळं घेऊन गेले. अक्कांनी ते बोटांतून सरकवत सरकवत सगळं तपासलं. मी इतक्या वर्षांत इतकी कसून तपासणी कुणाची केलेली नाही. एका ठिकाणी थांबून त्यांनी तीन बोटं फासात घालून दाखवली. जुन्या फासात तीन बोटं जात होती, माझ्यात दोन. मी गावच्या मापानं शिवलं होतं, तिकडच्या लहान मासोळीच्या. "स्वल्प लहान झालं," असं त्या म्हणाल्या. मी उसवून पुन्हा करते म्हटलं तर नको म्हणून मान हलवली. गाठ ओढून बघितली, दोनदा, आणि विचारलं, कुणी शिकवली? आईनं, मी म्हटलं. "सरी," म्हणजे ठीक आहे, अक्का म्हणाल्या, आणि जाळ्याची घडी केली.

मग मी बोटीचं विचारलं. त्यांनी आधी वारा बघितला. आषाढ लागला होता, आणि इथे आषाढात पाऊस येवो न येवो, वारा अंगावर येतो. अक्कांनी पाण्यातलं एक वाळकं बाभळीचं खोड दाखवलं. त्याच्यापासून गवताळ कोपऱ्यापर्यंत जाळी लावलेली असतात. पुढच्या रविवारी सकाळी सहापासून नऊपर्यंत त्या खोडाशेजारी बोट धरून दाखव, त्या म्हणाल्या. लोखंड नको. एकाही बाटलीला धक्का नको. धरलीस तर ये दर रविवारी. नाही धरलीस तर बांध आहेच. मी टीम लीडला हे सांगितलं तर तो म्हणाला, अगं एवढं काय, आम्ही दुसरा तलाव शोधलाय, तिकडे कुणी काही बोलत नाही. मी म्हटलं, मला हाच पाहिजे.

तो आठवडा मी दगड आणि दोर यांच्यात घालवला. रबरी बोट हलकी, वारा तिला उघड्या छत्रीसारखी नेतो. एकच दोर नाकाला बांधला तर ती डावी-उजवीकडे झोके घेत राहते आणि गळ धड एका जागी राहत नाही. म्हणून दोन वजनं हवीत, एक पुढे, एक मागे. पुढचं वजन वाऱ्याच्या दिशेला लांब नेऊन सोडायचं आणि मग दोर सोडत सोडत आपल्या जागेवर यायचं. दोर आखूड ठेवला तर वजन उचललं जातं, आणि बाजूला बांधला तर लाट थेट आत येते. हे कुणी शिकवलं नव्हतं. पाळीवर उभी राहून मी लहानपणी जे बघितलं होतं, ते सगळं माझ्याजवळ शाबूत होतं. बाबांनी मला डोंग्यात बसू दिलं नाही, पण डोळे कुठे बांधता आले त्यांना! आमच्या गल्लीत बांधकाम चालू होतं, तिथून खडी मागून आणली आणि तांदळाच्या दोन रिकाम्या पोत्यांत भरली. पोतं जाळ्यावरून घसरतं, अडकत नाही. आणि एक कबुली देते, तो लाल नांगरही मी बोटीत बसायच्या फळीखाली ठेवला. वापरणार नव्हते. पण माझा माझ्यावर पूर्ण भरवसा नव्हता.

रविवारी सहा वाजता मी खोडाशेजारी होते. पुढचं पोतं सोडलं, वीस हात दोर दिला, मागचं सोडलं, दोन्ही दोर ताणून बांधले. बोट उभी राहिली. वारा कपाळावर, वरून हवाई दलाचं एक विमान गेलं, माझ्यामागे बाटल्या ओळीनं डुलत होत्या आणि मी गळ टाकून बसले होते. सातपर्यंत दोन जिलेबी लागल्या. इथे तिलापियाला जिलेबी म्हणतात. अक्का दूर आपल्या तेप्प्यात होत्या. माझ्याकडे बघत नसल्यासारखं दाखवत होत्या. मला वाटलं, जिंकले.

पावणेआठला बोट एकदम सैल झाली. पुढचा दोर ओढला तर हातात फाटक्या पोत्याची नुसती चिंधी आली. तळाच्या खडकावर घासून पोतं फाटलं होतं आणि खडी पाण्यात गेली होती. वाऱ्यानं बोट गरकन फिरवली आणि मागच्या पोत्याला फरफटत कोपऱ्याकडे नेऊ लागला. मी वल्ही मारली. एका बाजूनं मारली की दुसऱ्या बाजूनं बोट वळे. बाटल्या पंधरा हातांवर, मग बारा. फळीखाली हात घातला. लाल नांगर हाताला लागला, थंड. सोडला असता तर रुतला असता, तो नेहमीच रुततो. बोट थांबली असती, नऊ वाजले असते, आणि तळाशी जाळं असेल नसेल, कुणाला दिसलं असतं? मी नांगर बाहेर काढला होता, हे मी लपवत नाही.

मग मी तो परत फळीखाली ढकलला आणि बोटीतून उतरले. कोपऱ्याजवळ तलाव उथळ होता; पाणी छातीपर्यंत आलं, पाय घोट्यापर्यंत चिखलात गेले. पुढचा दोर कमरेला गुंडाळला आणि वाऱ्याकडे तोंड करून उभी राहिले. बोट माझ्यामागे ओढ घेत होती, बाटल्या तिच्यामागे पाच-सहा हातांवर. पाण्याला वास होता, तोंडावर लाटा येत होत्या, चष्म्यावरून पाणी ओघळत होतं. पण बोट थांबली. पोतं फाटलं तर मी आहे, असं मी मोठ्यानं म्हटलं, मराठीत, कुणालाही उद्देशून नाही. दहा मिनिटं गेली, पंधरा गेली. पोटऱ्या वळायला लागल्या. आणि तेव्हा मला कळलं की मी नेमकी कशी उभी आहे. पाण्यात, कपड्यांसकट, दोर कमरेला. आई अशीच उभी असायची. बाबांचा डोंगा पुढून जायचा आणि त्या डोंग्याची लाट आईच्या तोंडावर यायची. मला इतका संताप आला की थंडी कळेना. याच्यासाठी का मी बोट घेतली? तरीही दोर सोडला नाही. सोडला असता तर जाळं गेलं असतं.

अक्का आल्या, अजिबात घाई न करता. तेप्पा माझ्याशेजारी थांबवून त्यांनी मला वरपासून पाण्यापर्यंत न्याहाळलं. मला वाटलं, आता बांध दाखवणार. त्यांनी आपल्या नावेच्या तळातून एक काळा दगड उचलला आणि दोन हातांनी माझ्या बोटीत ठेवला. रुब्बुगुंडु. मानेला दोराची घळ पडलेला, सगळीकडून गुळगुळीत, कुठे टोक नाही की कंगोरा नाही, जाळ्यावर पडला तरी नुसता घरंगळेल. त्यांच्या सासूचा होता, घरी मिक्सर आल्यावर पाण्यावर आला, हे त्यांनी नंतर सांगितलं. त्या वेळी त्या कन्नडात एवढंच म्हणाल्या, "पाण्यातच उभं राहायचं होतं तर बोट कशाला आणलीस, तंगी? चढ वर." तंगी म्हणजे धाकटी बहीण.

रबरी बोटीवर पाण्यातून चढणं हा प्रकार कुणी बघू नये असा असतो. अक्कांनी बघितला आणि पोट धरून हसल्या. मी पोटावर पडून आत सरकले, माझी एक चप्पल चिखलात राहिली ती राहिलीच. दोराची गाठ दगडाच्या मानेला मारली, मागचं पोतं ओढून आत घेतलं आणि वल्ही घेऊन वाऱ्याच्या उलट्या दिशेनं निघाले. हात खांद्यातून निखळतील असं वाटत होतं. अक्कांनी मदत केली नाही आणि मी मागितलीही नाही. खोडाच्या पुढे जाऊन दगड सोडला, पाच हात पाण्यात तो नुसता बसला, रुतला नाही. वीस हात दोर दिला. मागचं पोतं सोडलं. बोट ताणली गेली आणि उभी राहिली.

नऊ वाजता अक्का जाळ्यांतले मासे काढून, जाळी तिथेच ठेवून बांधाकडे निघाल्या. जाताना सांगून गेल्या की दगड घरी ने आणि दर रविवारी सोबत आण, विसरू नको. त्या बांधाला लागल्या, मासे टोपल्यांत भरले गेले, तरी मी हलले नाही. नऊची अट संपली होती, पण मला आणखी बसायचं होतं. साडेनऊला ओल्या बोटांनी बाबांना व्हिडिओ फोन लावला. एक अक्षर न बोलता फोन फिरवून त्यांना बोटीचं नाक दाखवलं, ताणलेला दोर दाखवला, मग ओले केस चिकटलेला माझा चेहरा.

बाबांनी चेहरा फोनच्या अगदी जवळ आणला. भावानं मागून विचारलं, ताई कुठे आहे? त्यांनी हातानं त्याला गप्प केलं. मग माझ्या आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी मला डोंग्याबद्दल एक प्रश्न विचारला.

"दोर किती सोडला?"

"पाणी पाच हात. दोर वीस हात."

ते मनाशी हिशेब करत असावेत, ओठ हलत होते. म्हणाले, "वारा लय दिसते. आणखी पाच हात सोड."

मी मागे बघितलं. बाटल्या सहा हातांवर होत्या. आणखी पाच हात दोर सोडला असता तर वाऱ्याच्या एकाच झटक्यानं मी जाळ्यावर गेले असते.

"नाही सोडत," मी म्हटलं. "मागे जाळं आहे. आणि डोंगा माझा आहे."

मला वाटलं, आता फोन ठेवतील. त्यांनी डोळे बारीक करून माझ्यामागचं काहीतरी बघायचा प्रयत्न केला आणि म्हणाले, "मंग नको सोडू. तुले दिसते, मले इथून काय दिसते?"

मी फोन मागे वळवून त्यांना बाटल्या दाखवल्या. एकही जागची हललेली नव्हती. त्यांनी त्या एकेक करून मोजल्या.